पुठ्ठा नसलेली पुस्तकं

"पुस्तकाचं नाव काय?"

वाचनालयाच्या खिडकीतून कारकुनानं विचारलं. नाव मला माहीत नव्हतं. गोष्ट माहीत होती, म्हणून गोष्टच सांगायला लागले. एका नावाड्याची मुलगी असते. बाप अंथरुणाला खिळतो. नदीला पूर येतो, पलीकडं माणसं अडकतात. गाव म्हणतं, बाईनं होडीला हात लावायचा नाही. ती कुणालाच विचारत नाही. दावं सोडते. एवढंच. त्याच्या पुढचं मला पाहिजे होतं.

कारकून हसला. त्याच्या मागं पेपर वाचत बसलेले ऑफिसातले लोकही हसले.

"त्याला पुठ्ठा नव्हता साहेब," मी म्हटलं. "शेडमदी वाचलंय मी. शेवटची पानं नाय मिळाली."

"हात दाखव."

मी दाखवले. दिवसभर रद्दी चिवडलेले हात, काळे, नखांत खळ भरलेली. तो मागच्या लोकांनाही ऐकू जाईल अशा बेतानं बोलला, "तुमचं काम पुस्तकं फाडायचं. वाचायचं आम्ही बघतो." आणि खिडकी लावून घेतली.

अंगाची लाही लाही झाली. पण तोंडातून शब्द फुटला नाही. त्याच्या बोलण्यापेक्षा माझ्या त्या गप्प बसण्याचा राग मला जास्त आला. अजूनही येतो.

साजगावच्या बाजूला कागदाचा कारखाना होता. सत्तर सालच्या आसपास मी तिथं रोजावर लागले. आमची ठाकूरवाडी डोंगराच्या पायथ्याला. मी चौथीपर्यंत शिकलेली, वाडीत तेवढी शिकलेली बाई मी एकटीच. कारखान्यात मुंबईहून ट्रक भरभरून रद्दी यायची. त्यात पुस्तकंही. आम्हा बायकांचं काम ती सोलायचं. सोलायचं, हाच आमचा शब्द. पुठ्ठा आणि खळ लगद्यात चालत नाही. म्हणून पुठ्ठा धरून खसकन ओढायचा, तो एका ढिगात, पानं दुसऱ्या ढिगात. पुठ्ठ्याबरोबर पहिली आणि शेवटची पानंही फाटून जायची. त्यामुळं मी वाचलेल्या एकाही पुस्तकाला नाव नव्हतं. लिहिणारा कोण, पत्ता नाही. शेवट नाही.

तरी वाचायचे. जेवणाच्या सुट्टीत, एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात सोललेलं पुस्तक. माझ्या शेजारी हिरामावशी बसायची. तिला अक्षर म्हणजे मुंगी. ती म्हणायची, "मोठ्यानं वाच गं, आमाला पन कळंल." मग मी मोठ्यानं वाचायचे. नावाड्याच्या मुलीची गोष्ट अशी सगळ्या शेडनं ऐकली. पानं संपली तशी मावशी माझ्यावरच चिडली. "मंग ती पोचली का बुडली?"

मला काय ठाऊक! म्हणून तर मी वाचनालयात गेले होते. ते कामगारांचं वाचनालय होतं. पाटीवर तसं रंगवलेलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कारखान्यात वाचन सप्ताह निघाला. मोठ्या साहेबांच्या बाईसाहेबांच्या डोक्यातलं खूळ. वाचनालयापुढं मांडव पडला, भिंतींवर कापडी फलक लागले. बाईसाहेबांनी भाषण केलं. कामगारांना वाचनाची गोडी नाही, पगार हातात पडला की गुत्त्यावर जातात, ग्रंथ हेच खरे गुरू वगैरे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या बोलत होत्या आणि त्यांच्या मागं मांडलेल्या वाचनालयाच्या कपाटाला कुलूप होतं. मला ते कुलूपच दिसत होतं.

फोटोसाठी त्यांना वाचता येणारी आदिवासी बाई हवी होती. मुकादमानं माझं नाव दिलं. सकाळीच सांगून ठेवलेलं, धुतलेलं लुगडं नेसून ये. हात धुवायला साबणाची नवी वडी दिली. मला खुर्चीवर बसवलं. खिडकीतल्या त्याच कारकुनानं कपाट उघडलं, लाल कापडी बांधणीचं जाड पुस्तक काढलं आणि माझ्या मांडीवर उघडून ठेवलं. बाईसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी पुस्तकात बघितलं तर फोटोवाला म्हणाला, तिकडं नको, इकडं बघा. मी बघितलं. फोटो निघाला. टाळ्या पडल्या.

कारकुनानं हात पुढं केला. "दे इकडे. झालं."

माझ्या हातात पुठ्ठ्यासकट पुस्तक होतं. मी उलटून बघितलं. पहिलं पान होतं. शेवटचंही होतं. असं अख्खं पुस्तक माझ्या हातात आयुष्यात पहिल्यांदा आलं होतं, आणि तेही फोटोपुरतं.

"नाय देनार," मी म्हणाले.

बाईसाहेब हसल्या. मला कळलं नसेल असं त्यांना वाटलं. "अगं, फोटो झाला आता."

"फोटो तुमचा झाला. माजं वाचायचं ऱ्हायलंय."

कारकुनानं पुस्तक ओढलं. कसं ओढलं की पुठ्ठा सुटतो हे माझ्याइतकं त्या मांडवात कुणाला ठाऊक होतं? मी पाठीकडून, शिवणीवर गच्च धरलं. तो लाल झाला. चारचौघांत माझ्याशी झोंबाझोंबी करायची लाज वाटली असेल, त्यानं हात सोडला. तेवढ्यात मागून हिरामावशीचा आवाज आला.

"मोठ्यानं वाच गं."

मी पहिल्या पानापासून सुरू केलं. बाईसाहेब उठून गेल्या, साहेब गेले, फोटोवाल्यानं पेटी बंद केली. शेडच्या बायका मात्र हलल्या नाहीत. मी वाचत राहिले.

दुसऱ्या दिवशी मला लगद्याच्या हौदावर टाकलं. तिथं पान नाही, अक्षर नाही, नुसता ओला चिखल. बोटांची सालं निघाली. मुकादमानं निरोप दिला, पुस्तक परत कर, शेडमध्ये घेतो. मी केलं नाही. ते वाडीत घराघरांतून फिरलं. माझ्या नावावर चोरीचा शिक्काही बसला. बसू दे.

नावाड्याच्या मुलीचं पुढं काय झालं, ते मला आजवर मिळालेलं नाही. मावशी मरेपर्यंत विचारायची. तूच रच की, म्हणायची. मी रचलं नाही. कुणीतरी लिहिलेलं होतं, छापलेलं होतं, आणि आमच्यापर्यंत फाटूनच आलं. त्याच्यावर ठिगळ कशाला लावू?

आता वाडीत शाळा आहे. शाळेत सरकारी पुस्तकांचं कपाट आहे. कपाटाला कुलूप आहे. पोरं पुस्तकं खराब करतात, असं गुरुजींचं म्हणणं. परवा कर्जतहून कुणी पाहुणे आले आणि बोलले, आदिवासी मुलांना वाचनाची आवडच नाही. मी पोरांच्या मागं उभी होते. भाषण मध्येच तोडून विचारलं, "कपाटाची किल्ली कुनाकडं हाय?"

कार्यक्रमानंतर बघू, गुरुजी म्हणाले.

कार्यक्रमानंतर काय होतं, ते मी एकदा बघितलंय. खराब होऊ देत ती पुस्तकं. पोरांच्या हातात झिजू देत, फाटू देत. लगद्यात जाण्यापेक्षा ते बरं. मला वाचनाचं महत्त्व सांगायला वाडीत कुणी येऊ नका. यायचंच असेल तर किल्ली घेऊन या. नाहीतर आमच्या डोंगराला दगड पुष्कळ आहेत, आणि कुलूप तेवढं जुनं झालंय.