नणंदेला घरी आणलं
ओल्या तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, कुबट वास आला की मला तो आश्रम आठवतो. इंग्रजांचं राज्य होतं आणि मी केशोरीला नुकतीच सून म्हणून आले होते. नवऱ्याची थोरली बहीण जन्मापासून बोलत नाही, आमचं लग्न मोडू नये म्हणून तिला आश्रमात ठेवलंय, हे मला शेजारणीकडून कळलं. मी हट्टच धरला, तेव्हा सासूबाई मला बैलगाडीतून तिथं घेऊन गेल्या. अंधाऱ्या पडवीत नणंद तणसावर बसून डोलत होती. तिचा पाय दोरानं खांबाला बांधलेला होता आणि घोट्याला जखम झाली होती. “काऊन बांधलं हिले?” सासूबाई ओरडल्या. “सारखी तलावाकडे पळते, बाई. मागं कोण धावन?” राखणदार म्हणाला. सासूबाई तिच्याजवळ बसून पदरानं जखम पुसू लागल्या. मीच गाठ सोडली आणि म्हटलं, “मी धावीन. घरी नेऊन राहिलो आम्ही हिले.” त्यानंतर रोज दिवस कलला की ती आमच्या गावच्या तलावाच्या पाळीवरून झपझप चालायची आणि तिच्यामागं मी, पदर खोचून. तिला जाऊन आता वर्षं झाली, माझे गुडघेही साथ देत नाहीत, पण दिवस कलला की मला घरात बसवत नाही.