बाई कन्नडला गेल्यात

राउटरवरचा तांबडा दिवा लागला, तेव्हा बायकोला जाऊन दीड महिना झाला होता. मी पुस्तक घेऊन बसलो होतो. म्हणजे पुस्तक मांडीवर होतं आणि मी दर दहा मिनिटांनी उठून दिवा पाहून येत होतो. राउटर बंद करून चालू केला, वायर काढून पुन्हा खोचली. यापुढचं मला काही येत नव्हतं. वीज, गॅस, नळ, इंटरनेट ही सगळी खाती तिची. माझ्याकडे भाजी आणायचं काम होतं, तेही तिनं चिठ्ठी लिहून दिली तर.

मुलगी पुण्याला असते. रोज संध्याकाळी ती स्क्रीनवर दिसायची, ते थांबलं. साध्या फोनवर म्हणाली, "बाबा, कनेक्शन आईच्या नावावर आहे. आधी तुमच्या नावावर करून घ्या."

"करतो."

"नुसतं करतो म्हणू नका."

दुसऱ्या दिवशी इंटरनेटचा मेकॅनिक आला. "वायर ठीक है, सर. प्लॅन संपला. मॅडमना बोलवा, त्यांच्या फोनवर ओटीपी येईल."

"त्या गेल्या," मी म्हणालो.

तो वायर गुंडाळत होता. "कुठं? कधी येणार?"

तिथेच सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. "कन्नडला," मी म्हणालो. कन्नड तिचं माहेर. तिथे आता तिचं कुणी राहिलेलं नाही.

"मग आल्या की फोन करा, सर."

फोन तोच करू लागला, दर दोन-तीन दिवसांनी. मॅडम आल्या का? अजून नाही. बोलून झालं की मी फाटकापर्यंत जाई आणि परत येई. पुस्तकाचं एक पान चार चार वेळा वाचून होई. एकदा तो म्हणाला, "माहेरी लई दिवस राहिल्या, सर. भांडण तर नाय ना झालं?" मी हसलोसुद्धा. फोन ठेवल्यावर त्या हसण्याची इतकी लाज वाटली की चप्पल घालून छावणीच्या बाजारापर्यंत उगाच चालून आलो.

आमच्याकडे नळ रोज येत नाही. गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व्ह आहे; पाणी सोडलं की लाइनमन तिला फोन करायचा आणि ती गल्लीभर सांगायची. ती गेल्यापासून तो फाटक वाजवतो. तिच्या अंत्ययात्रेत तो शेवटपर्यंत होता. त्या आठवड्यात फाटक वाजवून तो लगेच गेला नाही.

"सर, तो वायफायवाला भेटला. म्हणं, बाई कन्नडला गेल्यात."

मी फाटकाच्या कडीकडे पाहत राहिलो. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी बी व्हय म्हणलो. म्हणलं, सर शिकलेला माणूस, काहीतरी कारण असंल." त्यानं व्हॉल्व्हची लोखंडी चावी या हातातून त्या हातात घेतली. "पण सर, दोघांनी मिळून किती दिवस ठिवायचं बाईला कन्नडला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंटरनेट कंपनीच्या क्रांती चौकातल्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म दिला. शेवटचा रकाना होता, नाव बदलण्याचे कारण. नोकरीत जन्मभर मी दुसऱ्यांचे अर्ज तपासले, शुद्धलेखनाच्या खुणा केल्या. इथे पेन टेकवून बसून राहिलो. आधी 'पत्नी गेल्या' असं लिहिलं. मग 'गेल्या' खोडलं आणि शेजारी 'यांचा मृत्यू' लिहिलं. दाखल्याची झेरॉक्स जोडली.

मेकॅनिक आतून बाहेर येत होता. काउंटरवरच्या मुलीच्या हातातला दाखला त्यानं पाहिला आणि तो जागीच थांबला.

"सर, मी फोनवर काय काय बोललो."

"तुमची चूक नाही. मी अर्धंच सांगितलं होतं."

दुपारी ओटीपी माझ्या फोनवर आला. मेकॅनिकला तो वाचून दाखवताना मी एक आकडा चुकलो, पुन्हा मागवावा लागला. मग दिवा हिरवा झाला. संध्याकाळी मुलगी पुन्हा स्क्रीनवर दिसली.

पुढच्या पाण्याला लाइनमननं विचारलं, "आता फोन कुणाला करू?" मी माझा नंबर सांगितला. तो अंगठ्यानं फोनवर बराच वेळ काहीतरी करत होता.

"नाव 'बाई'च ऱ्हाऊ देतो, सर. नायतर तुमची गल्ली मला सापडत नाय. नंबर तेवढा बदलला."

परवा फोन वाजला. "बाई, पाणी सोडलं," सवयीनं तो म्हणाला.

"बरं," मी म्हणालो, आणि शेजाऱ्यांना सांगायला बाहेर पडलो.