बडनेऱ्याहून आणलेला जावई

होणारा जावई आणायला मी बडनेरा स्टेशनवर गेलो आणि जावई घेऊन घरी आलो. तो आमचा नव्हता, एवढीच काय ती चूक झाली.

आमची एकुलती एक मुग्धा बंगळुरूला नोकरी करते. तिथंच तिला अनूप भेटला. मुलगा मूळचा केरळचा, वाढला दुबईत. मराठी शून्य, हिंदी चहा मागण्यापुरती. म्हणजे आपसात बोलायचं ते इंग्रजीतच, आणि तेही आम्ही शाळेत घोकलेलं इंग्रजी नव्हे! मुग्धा फोनवर त्याच्याशी बोलत होती ते एकदा कानावर पडलं. शब्द सगळे ओळखीचे, वाक्यं मात्र परकी. मला भीती वाटली. उद्या आपली पोर या भाषेत संसार करेल, तिची मुलं या भाषेत हसतील, आणि आपण कोपऱ्यात बसून नुसती मान हलवू. मुलीच्या घरात आपल्याला बोलताच येऊ नये, या विचारानं माझं जेवणातलं लक्ष उडालं. (दोनच भाकरी खाल्ल्या. बायकोनं थर्मामीटर आणला.)

म्हणून मी शिकवणी लावली. समोरच्या रेहानाभाभींची सना कॉलेजात शिकते. ती माझी मास्तरीण.

"काका, 'सिक' म्हंजे काय?"

"आजारी."

"नाई ना! 'सिक' म्हंजे एकदम जबरदस्त. अन् जेवण चांगलं झालं का म्हणाचं, 'फायर'!"

"अन् खरंच आग लागली तं?"

"तवा बी फायरच!"

मी थक्क झालो. अमरावतीच्या मोर्शी रस्त्याला माझी संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. तिथं दुपारी हातात पाण्याचा पाइप धरून मी या शब्दांचा विचार करत उभा राहायचो. खाली जंबेरीचा, म्हणजे रानलिंबाचा खुंट, त्यावर बांधलेला संत्र्याचा डोळा; मूळ एकाचं, फळ दुसऱ्याचं, तसंच या शब्दांचं. आणि आपण तरी काय करतो? जिलबी 'भयंकर' गोड असते. बायको मला 'बह्याड', म्हणजे खुळा, म्हणते, त्यात कधी राग असतो, कधी माया असते, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला स्वरावरूनच ओळखावं लागतं. असा विचार करता करता डोळे अर्धे मिटायचे. कोवळं ऊन, ओल्या मातीचा वास, आणि समोरच्या खाटेवर अनूप बसलेला! मी काहीतरी म्हणतोय, तो खदखदून हसतोय. त्या स्वप्नात माझं इंग्रजी एकदाही अडखळत नसे.

"अवो, पाणी बांधावरून चाललं! काहून एकटेच हसून राह्यले?" बायको ओरडायची.

"चिल," मी म्हणायचो.

"बह्याड!" (हा रागातला.)

तर अनूप मुंबईहून गाडीनं एकटाच येणार होता. मुग्धा बंगळुरूहून संध्याकाळपर्यंत पोचणार होती. मी स्टेशनवर वेळेच्या बराच आधी हजर. गाडी अकोल्यालाच रखडून राहिली होती. बाकावर ऊन छान होतं. मी डोळे मिटून अनूपशी बोलायला सुरुवात केली. आम्ही पावसापासून निघून संत्र्याच्या भावापर्यंत आलो, एवढ्यात गाडी खरंच आली आणि मी दचकून उभा राहिलो. फोटोतला अनूप कसा? दाढी, गॉगल, पाठीवर काळी बॅग. समोर कोण उभा? दाढी, गॉगल, पाठीवर काळी बॅग! तो कुणाला तरी शोधतही होता.

"यो ब्रो! व्हॉट्स अप?" मी हात पसरले.

तो दोन पावलं मागं सरला. "गुड मॉर्निंग, सर. यू हॅव कम फॉर मी?"

"ऑफकोर्स! चिल!" मी त्याची बॅग हिसकावून घेतली. गाडीत बसल्यावर म्हटलं, "सिक वेदर, ब्रो!" त्यानं घाईघाईनं खिडकीची काच वर केली.

फोन करून खात्री का केली नाही, असं तुम्ही विचाराल. फोन मी रोपवाटिकेत जंबेरीच्या झाडावर टांगून विसरलो होतो. बरं, तोंडानं नाव विचारायचं, तर आमच्या घरचा एक रिवाज आड आला. दारी आलेल्या माणसाच्या पोटात चार घास गेल्याशिवाय त्याला कोण, कुठला, कशाला आला हे विचारायचं नाही. माझ्या वडिलांनी हा नियम जन्मभर पाळला. (एकदा एक चोरही जेवून गेला म्हणतात.)

घरी रोडगे-वांग्यांचा बेत होता. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे बायकोनं तुपात बुडवून वाढले. पोरगा आधी बिचकला, मग सुटला. मी दर घासाला "फायर?" विचारत होतो आणि तो दर वेळी मागं वळून बघत होता. जरा पोट भरल्यावर त्यानं अदबीनं विचारलं, "सर, व्हेन कॅन आय सी द मशीन्स?"

बायको मला ओढून स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"मशीन? कोन्ती मशीन? हुंडा मागून राह्यला का थो?"

"नाई वो, तिकडची पद्धत असन. घर पाहून राह्यला असन."

मी त्याला वॉशिंग मशीन दाखवली. मग मिक्सर. मग माळ्यावरून बायकोची शिलाई मशीन खाली उतरवली. तो तिच्याभोवती एक फेरी मारून आला, त्याचा चेहरा पडला, आणि हळूच म्हणाला, "ओन्ली धिस, सर?"

'ओन्ली' बायकोला समजतं. तिनं पदर खोचला. "माही पोरगी याच्या घरात नाई द्याची म्हंजे नाई द्याची!" असं म्हणून तिनं मुग्धाला फोन लावला. लग्न मोडत होतं, आणि ते थांबवण्यापुरता एकही शब्द सनानं शिकवलेला नव्हता!

"तुहा अनूप मशीन मागून राह्यला!" बायको फोनवर कडाडली.

"आई, काय बोलून राह्यली तू? अनूपचा आत्ताच मेसेज आला. म्हणते, तुझ्या बाबांची फॅक्टरी लय मोठी हाय, पण बाबा काहून दिसत नाईत?"

पाहुणा पुन्हा पानावर बसून चौथा रोडगा चुरत होता. चार घास केव्हाच पोटात गेले होते, म्हणून आता रिवाजाप्रमाणं मी विचारलं, "ब्रो... नेम?"

"सेंथिल, सर. फ्रॉम कोइमतूर. लूम इंजिनिअर."

नांदगाव पेठच्या कुठल्याशा कापड कारखान्यात माग बसवायला आला होता बिचारा! आणि त्याला न्यायला आलेला ड्रायव्हर आमच्या जावयाला घेऊन गेला होता. मी सेंथिलला गाडीत घातलं आणि सुसाट निघालो. कारखान्याच्या फाटकातून अनूप बाहेर येत होता. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात झेंडूचा हार, मागं हात बांधून मॅनेजर.

मॅनेजर माझ्या कानात म्हणाला, "साहेब लय अनुभवी वाटतात. सकाळपासून एक शबुद बोलले नाईत. नुस्ती मान हालवतात!"

अनूपनं मला फोटोवरून ओळखलं, वाकून नमस्कार केला. हाच तो क्षण! महिनाभराची तयारी! मी तोंड उघडलं, तर आत काहीच शिल्लक नव्हतं, सगळं इंग्रजी सेंथिलवर खर्च झालेलं. तोंडून निघालं ते एवढंच, "जेवला का रे बाप्पा?"

त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि पोटावर हात ठेवून नकारार्थी मान हलवली.

संध्याकाळी मुग्धा आल्यावर मी मनातली भीती सांगून टाकली. "तुमी दोघं इंग्रजीत बोलान, अन् मी मुक्यासारखा बसीन."

मुग्धा हसता हसता खाली बसली. "बाबा, अनूप बोलते कुठं? फोनवर तुमी ऐकलं ना, तवाही मीच एकटी बोलून राह्यली होती!"

लग्नात त्याच्या आईनंही तेच सांगितलं. तो मल्याळममध्येही बोलत नाही.

आता तो आला की आम्ही दोघं रोपवाटिकेत खाटेवर बसतो. ऊन कोवळं असतं, तो झाडांकडं बघतो, मी झाडांकडं बघतो, डोळे अर्धे मिटतात. इतक्या सुखाच्या गप्पा मी आजवर कुणाशी मारल्या नाहीत. पाणी बांधावरून वाहून जातं आणि बायको ओरडते, "दोघंही बह्याड हायेत!"

आणि माझं इंग्रजी? तेही वाया गेलं नाही. दर रविवारी रोडगे खायला नांदगाव पेठहून एक पोरगा येतो आणि गल्लीच्या तोंडापासून "यो ब्रो!" अशी आरोळी ठोकतो. उभ्या अमरावतीत माझं इंग्रजी समजणारा तो एकच माणूस आहे, आणि तोही मी चुकून उचलून आणलेला.