माघातली गौर

देवादिकांना घरच्या माणसांसारखं दटावणारी बाई उभ्या रायगड जिल्ह्यात एकच झाली, आणि ती माझी थोरली जाऊ. पेणच्या कारखान्यात गणपती ठरवायला गेली की सोंड, मुकुट, रंग यांच्याकडे ती ढुंकूनही बघायची नाही. मूर्तीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी कुजबुजायची, जरा थांबायची, आणि मान हलवून पुढच्या मूर्तीकडे वळायची. "यो नुसता बसलाय गो. ऐकत नाय." शेवटी कारखानदारच तिच्यासाठी ऐकणारे दोन-तीन गणपती आधीपासून बाजूला काढून ठेवायला लागला. मिठागरावर राबून तिचे तळपाय इतके निबर झाले होते की काटा मोडायचा, पण पायात शिरायचा नाही. आणि पंचांगाशी तर तिचं भाऊबंदकीचं नातं. पटलं तर ऐकायचं, नाहीतर अबोला.

मी रोह्याची. लग्न होऊन कासूजवळच्या या खारपट्ट्यातल्या घरात आले ती मॅट्रिक पास होऊन, म्हणजे जगातलं सगळं शास्त्र ट्रंकेत भरूनच. आमच्याकडे गौर म्हणजे बांधावरचा तेरडा, मुळासकट उपटून आणलेला. पहिल्याच वर्षी तो आणायला मला पाठवलं. मुळांना हा एवढा चिखल. मी कोयत्याने मुळं साफ छाटली, जुडीला माझ्या वेणीची लाल रिबीन बांधली आणि शाळेच्या गॅदरिंगला पाहुण्यांना गुच्छ द्यावा तशी ती जाऊबाईंपुढे धरली. त्यांनी जुडी उलटी करून पाहिली.

"मुळं म्हंजे तिची पावलं गो. आता ती चालत कशी येल? परत बांधावर जा न् कडेवर घेऊन ये तिला."

आणि मी ती जुडी खरोखरच कडेवर घेऊन आले. बायका दारादारांत उभ्या. एकीने तर विचारलं, "दात आले का गो तिला?" माझी नात ही गोष्ट ऐकून अजून लोळते.

जाऊबाईंचा मुलगा आयर्लंडमध्ये औषधांच्या कंपनीत आहे. त्याने तिथल्याच मुलीशी लग्न केलं. नाव नोरा. जाऊबाईंच्या तोंडी ते पहिल्याच दिवशी 'नवरी' झालं ते कायमचं. पोरगी त्यांना आवडली. पण आमच्यात सुनेने सूप भरून गौरीला पहिला ओवसा दिला की ती घरची, तोवर पाहुणी. आणि पहिला ओवसा गौर पावसाच्या पूर्वा नक्षत्रात आली तरच. ती काही दरवर्षी तशी येत नाही. दोघं आली होती जानेवारीअखेर. येत्या भाद्रपदात पूर्वा होती, पण तेव्हा मुलाला रजा मिळणार नव्हती. इकडे जाऊबाईंना चार पावलं टाकली की धाप लागत होती.

"पुढच्या पूर्वेला करू ना, आई," तो म्हणाला.

"तुला कंपनी रजा देल. मला कोण देल?"

माघी गणपतीच्या आदल्या दिवशी नोरा तळ्याकाठी लव्हाळा काढायला निघाली. कशाला, ते कोणालाच माहीत नव्हतं. मदतीला म्हणून मी कोयता घेऊन गेले. माणूस म्हातारं झालं तरी ट्रंक काही रिकामी होत नाही. तिने माझा हात धरला.

"नको, काकी. कापायचं नाही. ओढायचं. मुळाबरोबर."

काठावर बसलेल्या जाऊबाई ताठ झाल्या. "काय म्हंते ती?"

मग नोरा सांगत गेली आणि मुलगा मराठीत उलगडत गेला. उद्या त्यांच्याकडे ब्रिजिडचा सण. थंडी सरते, मेंढ्यांना दूध येतं, शेतं जागी होतात. आदल्या संध्याकाळी घरातली मुलगी अशी जुडी घेऊन दाराबाहेर उभी राहते आणि तीनदा सांगते, ब्रिजिड आली, दार उघडा. आतले म्हणतात, ये. मग त्या काड्यांचा क्रूस विणून दारावर लावायचा. बाहेर एक कापड टाकून ठेवायचं. ती जाता जाता त्यावर हात फिरवते, आणि वर्षभर ते आजारी माणसाला पांघरायचं.

"पण ही कोण?" जाऊबाईंनी विचारलं.

"चर्चची संत," नोरा म्हणाली. "पण खूप आधी ती देवी होती म्हणतात. लोकांनी धर्म बदलला, तिला नाही सोडलं."

मी म्हटलं, "बाय, ते ख्रिस्ती लोकांचं आहे. आपलं..."

"तू गप. पाय तोडणारी." जाऊबाई म्हणाल्या, "भादव्यात गणपतीच्या मागनं त्याची आई येते. माघात तो एकटाच. का, ते मला कवा उमगलं नाय. आज समजलं. माघात ती तिकडं असते. तिकडंबी लेकरं हायत तिची."

आयुष्यात कीर्तनं ऐकली, व्याख्यानं ऐकली, पण सातासमुद्रांपलीकडचा मुलूख असा एका वाक्यात अंगणात आलेला पाहिला नव्हता.

"न् ओवशाला पूर्वा नको?" तळ्यावर धुणं घेऊन आलेली शेजारीण म्हणाली.

"पूर्वा भादव्याला. माघाला नाय लागत."

"कुठं लिवलंय?"

"लिवणारा कवा तिकडं गेलता?"

दिवेलागणीला नोरा लुगडं नेसून दाराबाहेर उभी राहिली. तीनदा तिने तिच्या भाषेत काहीतरी म्हटलं. कोणालाही एक अक्षर कळलं नाही. जाऊबाईंनी तीनही वेळा आतून आपल्या भाषेत उत्तर दिलं, "ये गो बाय, ये." मग लव्हाळ्याची ती जुडी पाटावर बसली. सुपात भाद्रपदातली काकडी कुठली? वालाच्या शेंगा होत्या, बोरं होती, नारळ होता. नोराने ओवसा दिला आणि सासूच्या पायांवर डोकं ठेवलं. पहाटे अंगणात रात्रभर टाकून ठेवलेलं, दवाने ओलं झालेलं आपलंच जुनं लुगडं जाऊबाईंनी उचललं आणि न वाळवता छातीशी गुंडाळलं.

भाद्रपदात गौर पूर्वा नक्षत्रात आली. तिच्या चारच दिवस आधी जाऊबाई गेल्या. आळीतल्या नव्या सुना सुपं घेऊन दारावरून जात होत्या आणि आमच्या घरी सुतक, देव झाकलेले. तेवढ्यात आयर्लंडहून फोन आला. मुलगा दोन शब्द बोलला. मग नोराने फोन घेतला.

"काकी," तिने हळूच विचारलं, "सुतक मला पण?"

"व्हय गो," मी म्हटलं. "तुला पण."