दोन दिवसांचं पथ्य

मला शुगर आहे. पण रक्त तपासायच्या आधी दोन दिवस माझ्याइतकं कडक पथ्य पाथर्डीत कुणी पाळत नसेल. चहा बिनसाखरेचा, भात बंद. रिपोर्ट चांगला आला, की लॅबमधून थेट जिलेबीच्या गाडीवर.

परवा डोळ्यांच्या शिबिरालाही अशीच तयारी करून बायकोबरोबर गेलो. तिथं नवा कॅमेरा आला होता. तो डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढतो आणि कॉम्प्युटरच फोटो तपासून दोष सांगतो. मिनिटभरात स्क्रीनवर तांबडा गोळा आला, त्यावर ठिपकेच ठिपके.

"काका, हे ठिपके शुगरनं पडलेत. तुमची शुगर लई वाढलेली हाय," सिस्टर म्हणाली.

मी भडकलो. "अवो, दोन दिवस गोड चहासुद्धा घेतला न्हाई!"

"हे दोन दिवसांचं न्हाई काका, कैक वर्षांचं हाय."

मशीनवर माझा काही विश्वास बसला नाही. बायकोचा मात्र तिथल्या तिथं बसला. तिनं तो फोटो छापून मागितला आणि घरी येऊन साखरेच्या डब्याच्या झाकणावर चिकटवला. आता झाकणाला हात लावला, की माझाच डोळा लालबुंद होऊन माझ्याकडं बघतो.