शिकाकाईच्या वड्यांचा शेवटचा घाणा

माझ्या डोक्यावर केस नाहीत. कानांच्या वर एक पांढरी झालर उरली आहे, आणि तिच्यासाठी खुर्चीवर बसवायला न्हाव्यालाही जिवावर येतं. तरीही गेलं वर्षभर माझ्या घरात सगळ्यात जपून ठेवलेली वस्तू कुठली असेल, तर शाम्पूच्या वड्या. बायकोने घरी केलेल्या. ती गेली आणि अठरा वड्या मागे राहिल्या. हे वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसावं. मीही सुरुवातीला हसलो होतो.

ती शाळेत विज्ञान शिकवायची. बाजारातल्या कुठल्याही शाम्पूने तिच्या डोक्याला खाज सुटायची, आणि शिकाकाई उकळून, गाळून, डोळ्यांत जाऊ न देता न्हायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. निवृत्त झाल्यावर तिने इथे बडोद्यातच फतेगंजमधल्या एका बाईंकडे दोन दिवस जाऊन वड्या करायला शिकून घेतलं. पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "अहो, यात कॉस्टिक सोडा लागतो." मी ताडकन उभा राहिलो. माझा सगळा जन्म रिफायनरीत मेंटेनन्समध्ये गेला. कॉस्टिकने काय होतं ते मी लोकांच्या हातापायांवर पाहिलं होतं. माझ्या स्वयंपाकघरात हे चालणार नाही, असं मी ठणकावून सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "तुमच्या स्वयंपाकघरात चहाची साखर कुठल्या डब्यात असते?" मला सांगता आलं नाही. विषय तिथेच मिटला.

मग काय, मीच माझा जुना जाड चष्मा काढून दिला, प्लँटवर घालायचो तो. तो डोळ्यांवर चढवून, हातात रबरी मोजे घालून ती गॅलरीत सोडा पाण्यात सोडायची. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात ओतायचं नाही, हे मी दर वेळी दारात उभं राहून सांगायचो आणि दर वेळी "तुम्ही आत बसा" हे ऐकून घ्यायचो. एरंडेल डभोईहून यायचं. तिकडे एक घाणीवाला होता, त्याच्याकडचंच हवं, त्यासाठी बसने जाऊन यायची. शिकाकाई, रिठा आणि आवळकाठी खंडेराव मार्केटच्या बाजूच्या दुकानातून. खोबरेल आणि थोडं तिळाचं तेल घरचंच. मिश्रण घट्ट झालं की ते स्टीलच्या ताटात थापून दुसऱ्या दिवशी सुरीने वड्या पाडायच्या, बर्फीच्या पाडतात तशा. एका वेळच्या वड्यांना ती घाणा म्हणायची, जसा भज्यांचा घाणा असतो तसा. नंतर त्या सहा आठवडे मुरायला ठेवायच्या. लाकडी पट्ट्यांच्या मांडणीवर, एकमेकींना न चिकटवता, आणि चार दिवसांनी एकदा उलटायच्या.

रविवार हा तिचा न्हाण्याचा दिवस. तोही सकाळी कॉर्पोरेशनचं पाणी आल्यावरच. बोअरच्या पाण्याने वडीचा फेस होत नाही आणि केसांवर चिकट थर राहतो म्हणायची. शेवटचा तांब्या लिंबू पिळलेल्या पाण्याचा. मग खांद्यांवर पंचा टाकून, केस पाठीवर पसरून गॅलरीत उन्हाला बसायची आणि तिथूनच मला कामं सांगायची. आत-बाहेर करताना माझ्या बाजूने गेली की तो वास यायचा. थोडा कडवट, थोडा मातीसारखा, मागे लिंबाचा. मी पेपर वाचत असायचो. मान वर करून पाहायचो असंही नाही. दर रविवारी येणाऱ्या गोष्टीकडे माणूस काय बघणार?

मी स्वतःही तीच वडी वापरायचो, झालरीपुरती. "तुमची एक वडी नातवंडांना पुरेल," असं ती आल्यागेल्या सगळ्यांना सांगायची.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात ती गेली. त्याआधी तीन आठवडे तिने एक घाणा केला होता. तो मांडणीवर मुरत होता. लोक भेटायला येत होते, दिवस चालू होते, बंगलोरहून मुलगी आली होती, आणि मी दर चार दिवसांनी उठून गॅलरीशेजारच्या खोलीत जाऊन अठरा वड्या उलटत होतो. एकदा माझा मेहुणा मागोमाग आला आणि दारातच थांबला. मी म्हणालो, "हिचं काम राहिलंय." तो परत बाहेर जाऊन बसला.

मुलगी जाताना म्हणाली, "बाबा, वापरा त्या. आईने वापरायलाच केल्यात. नाहीतर कुणाला तरी देऊन टाका." तिचं बरोबरच होतं. पण वापरली की झिजणार, दिली की जाणार. त्या अठरा वड्यांत मिळून एका रविवारचा वास होता आणि तो मला घरात हवा होता. माझं दुसरं काहीच मागणं नव्हतं. फोटो होते, साड्या होत्या, तिच्या हातची लोणच्याची बरणीसुद्धा होती. पण घरात ती असल्यासारखं फक्त त्या वड्यांमुळे वाटायचं.

आता माझी अक्कल ऐका. नोकरीत मी एकच काम केलं, गळती थांबवण्याचं. पाइपाच्या जोडातून थेंब येता कामा नये, टाकीतून वाफ सुटता कामा नये. जे उघडं असेल ते बंद करायचं, हे माझ्या हाडात मुरलेलं. तेव्हा वास टिकवायचा म्हणजे त्याला बाहेर पडायला जागा ठेवायची नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. सहा आठवडे पुरे होताच मी एकेक वडी प्लास्टिकच्या पातळ कागदात दोनदा गुंडाळली. सगळ्या एका मोठ्या स्टीलच्या डब्यात रचल्या. झाकणाच्या कडेने चिकटपट्टी फिरवली, एकदा उभी, एकदा आडवी. डबा माळ्यावर ठेवला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, वर थेट गच्ची. बडोद्याच्या उन्हाळ्यात आमच्या माळ्यावर पापड भाजून निघतील. हे मला ठाऊक होतं, पण तेव्हा ते डोक्यात आलं नाही. डबा ठेवून खाली उतरलो आणि मला फार बरं वाटलं. नोकरीत एखादा जोड पक्का बसला की वाटायचं तसं.

पहिल्या वर्षी दिवाळी करायची नव्हती. या वर्षी मुलगी येणार होती. साफसफाई काढली तेव्हा मी माळ्यावरून डबा खाली घेतला. ठरवलं होतं, एकच वडी काढायची आणि बाकीचा डबा पुन्हा बंद. चिकटपट्टी सोलून झाकण उघडलं आणि जो वास आला तो जुन्या फरसाणाचा. खवट. वड्यांवर नारिंगी डाग पडले होते. प्लास्टिकच्या आत घाम सुटून त्या चिकट झाल्या होत्या. मी एकेक सोडत गेलो. सातवी, आठवी, बारावी. शेवटी अठरावी सोडली. ती पण तशीच निघाली.

मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो. बायको गेली तेव्हा लोकांसमोर मला रडू आलं नव्हतं. त्या दिवशी डब्यासमोर आलं. तिने जे केलं होतं ते मी माझ्या हाताने नासवलं होतं, आणि तेही इतकं जपून.

समोरच्या दारात एक गुजराती बेन राहतात. बायकोची त्यांच्याशी गट्टी होती, प्रत्येक घाण्यातल्या दोन वड्या त्यांच्याकडे जायच्या. मी डबा तसाच उचलून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी एक वडी हातात घेतली, वास घेतला. मग प्लास्टिकचा कागद बोटांत धरून म्हणाल्या, "भाई, आमां वींटाळ्युं तमे?" गुंडाळलं मीच, असं मी कबूल केलं. "आने तो हवा जोईए," त्या म्हणाल्या. "डब्बामां पूरी दो तो बगडी ज जाय ने." हिला हवा लागते, डब्यात कोंडली तर बिघडणारच.

तुमच्या कशा आहेत, मी विचारलं. त्या आत गेल्या आणि साड्यांच्या कपाटातून वेताची छोटी टोपली घेऊन आल्या. जुन्या घाण्यातल्या दोन वड्या तिच्यात उघड्याच पडल्या होत्या, सुती कापडावर. कोरड्या, खडखडीत, दगडासारख्या. मी एक नाकाशी नेली. तोच कडवट वास. बेननी दुसरीही माझ्या हातात ठेवली. मी एकच ठेवून घेतली, दुसरी त्यांना परत केली. त्यांनाही ती हवी असणार, एवढी अक्कल तोवर मला आली होती.

मग त्यांनीच मला सगळं शिकवलं. माझ्याच घरात आठ वर्षं जे चाललं होतं ते मला शेजारणीकडून शिकावं लागलं. वडी आधी सुरीने अर्धी करायची, एक अर्धी वापरात, एक कोरडी. केस चांगले भिजवायचे, वडी हातावर घासून फेस काढायचा आणि तो फेस केसांना लावायचा. वडी पाण्याच्या धारेखाली धरायची नाही. झाली की पाणी निथळेल अशा पट्ट्यांवर ठेवायची, न्हाणीघरात तर अजिबात नाही, खिडकीत, वारा लागेल तिथे. "वापरशो तो सारी रहेशे," असं त्या दोनदा म्हणाल्या. वापरलीत तर चांगली राहील. मी मान डोलावत होतो, पण माझा बेत वेगळाच शिजत होता.

मुलीचे केस तिच्या आईवर गेले आहेत. तसेच दाट, तसेच कपाळावर वळलेले. ती या वडीने न्हायली आणि गॅलरीत बसली, तर एका सकाळपुरतं ते सगळं परत येईल, असं मी मनात धरून बसलो होतो. फोनवर मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, "बाबा, मी केसांना रंग लावलाय. साबणाने तो जातो." मी म्हणालो, बरं, राहू दे. दोन मिनिटं दुसरं काही बोललो. फोन ठेवायच्या वेळी तीच म्हणाली, "गेला तर गेला रंग. करते मी."

नरक चतुर्दशीला पहाटे उठायची शिस्त आमच्या घरात आता राहिलेली नाही. कॉर्पोरेशनचं पाणी आलं तेव्हा मी तिला हाक मारली. तेल लावलं, उटणं लावलं आणि अर्धी वडी एका वाटीत घालून बाहेरून दिली. लिंबाच्या पाण्याचा तांब्या आधीच भरून ठेवला होता. "शेवटी हा घे," मी दोनदा सांगितलं. आतून "हो बाबा" आलं. मग मी गॅलरीत खुर्ची नेली, उन्हाचा अंदाज घेऊन ती थोडी सरकवली, आणि चहा टाकला. चहा उकळेपर्यंत तीनदा गॅलरीपर्यंत जाऊन आलो. या वयात, असल्या कारणासाठी.

ती बाहेर आली, पंचा खांद्यावर घेऊन खुर्चीवर बसली, केस मोकळे सोडले. मी चहा घेऊन मागून गेलो आणि कप देण्याच्या निमित्ताने वाकलो.

शिकाकाईचा वास होता. रिठ्याचा होता, लिंबाचा होता. उन्हाने केस वाळतील तसा तो मोकळा होत होता. पण तो वास नव्हता. त्यात आणखी जे काही असायचं, तिच्या मानेचं, तिच्या घामाचं, न्हाण्याआधी घातलेल्या फोडणीचं, काय ते मला आजही सांगता यायचं नाही, ते नव्हतं. आठ वर्षं मी ज्याला वडीचा वास समजत होतो तो वडीचा कधी नव्हताच. डबा बंद करून मी जे कोंडू पाहत होतो ते मुळात त्यात नव्हतं.

"आईसारखा येतोय?" तिने मागे न बघता विचारलं.

"हो," मी म्हणालो. "अगदी तसाच."

केसांची एक बट पुढे ओढून तिने नाकाशी धरली होती आणि ती बराच वेळ तशीच बसून होती. चहाला तिने हात लावला नव्हता. मला वाटलं, तिला थंडी वाजत असेल, म्हणून मी आतून शाल आणायला वळलो.

"मला नाही येत, बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं, वाळल्यावर येईल."

मी परत फिरलो आणि तिच्या शेजारी खाली जमिनीवर बसलो. वड्या वापरा, देऊन टाका म्हणणारी माझी मुलगी तोंडावर पंचा धरून रडत होती. मी तिचा हात धरला.

"मलाही नाही आला गं," मी म्हणालो.