ब्रेकची पट्टी आणि खोटा कबुलीजबाब

ती घटना आठवली की आजही मिशीत हसू येतं. त्या दुपारी मात्र पनवेलजवळच्या आमच्या पोलीस ठाण्यात कोणी हसत नव्हतं.

विचुंब्याकडच्या एका सोसायटीच्या फाटकात ट्रॅक्टर घुसला होता. फाटक आडवं झालं. तिथेच खुर्ची टाकून बसलेले चेअरमन शेजारच्या गटारात उडी मारली म्हणून वाचले आणि त्याच अवतारात फिर्याद द्यायला आले. "साहेब, अटेम्प्ट टू मर्डर लावा! रोडवर चिखल पाडू नका म्हटलं, म्हणून कालच माझ्याशी भांडला हा." कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यानेही गुपचूप फोन करून खबर दिली, की भांडण खरंच जोरात झालं होतं.

चालक गावातलाच, पन्नाशीचा शेतकरी. आजूबाजूला इमारती उठल्या तरी त्याने भाताचं एक शेत हौसेनं राखलं होतं. तिथली चिखलणी आटोपून परतताना हे घडलं. ठाण्यात ओढून आणलेला ट्रॅक्टर मेकॅनिकने तपासला. ब्रेक ठणठणीत होते. संशय आणखीच बळावला.

"ब्रेक चांगले, रस्ता सरळ. मग ट्रॅक्टर फाटकात कसा गेला?" मी विचारलं.

त्याने पंख्याकडे बघत सांगून टाकलं, "मुद्दाम घातला. लिवा."

मला ते पटेना. गुन्हा नाकारणारे पुष्कळ पाहिले. कोठडीची इतकी घाई झालेला हा पहिलाच. शिवाय पंचनाम्यात रस्त्यावर चाक घासल्याचा एकच काळा पट्टा नोंदवला होता, डाव्या मागच्या चाकाचा. चिरडायला निघालेला माणूस ब्रेक कशाला मारेल? आणि मारला तर एकच चाक का घासेल?

मी त्याला अंगणात नेलं. "ट्रॅक्टर वाटेत उभा आहे. जरा झाडाखाली लावा."

तो चढला. चालू करण्याआधी सवयीने वाकला, ब्रेकची दोन पॅडल जोडणारी पट्टी खटकन लावली आणि तसाच वाकलेला राहिला.

"म्हणजे ही उघडी होती?"

तो उतरून चाकाला टेकला. "शेतात जागच्या जागी वलायला पट्टी काढतात, साहेब. डावा ब्रेक दाबला का गाडी डावीकडं वलते. रस्त्यावर दोन्ही जोडायचे असतात, नायतर दाबू त्या बाजूला फेकते. मी जोडायला इसरलो. पुढं कुत्रा आला आनि पाय डाव्यावरच पडला."

"मग खोटं का बोललात? तुरुंगात गेला असता ना!"

"गावातल्या सगल्या पोरांना ट्रॅक्टर मीच शिकवला. पट्टी इसरला त्याला टपली मारायचो. आता मीच इसरलो, असं कोनच्या तोंडानं सांगू? त्यापेक्षा जेल बरी."

हेच चेअरमनना सांगायला लावलं. कान लाल करून त्याने सांगितलं. ते इतके हसले की अंगावरचा वाळलेला चिखल माझ्या टेबलावर पडला. निष्काळजीपणाचं कलम लागलं, त्याने दंड भरला आणि फाटक स्वतः उभं करून दिलं.

तेव्हापासून कबुलीजबाब पटकन मिळाला की मी जास्तच सावध होत असे. पाप कबूल करणारे भेटतात. फजिती कबूल करायला जास्त छाती लागते, असं माझं मत झालं आहे.

निवृत्तीनंतर एकदा त्या रस्त्याने गेलो. ट्रॅक्टरचा आवाज येताच चेअरमन खुर्चीतून उठले आणि ओरडले, "मास्तर, पट्टी लावली का?"

"लावली!" वरून उत्तर आलं. "तरी तुमी गटाराकडं सरकून बसा!"